अडुसष्ट की साठ-आठ?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये घडलेली ही गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांना भेटायला मी तिथे गेलो होतो. शेडमध्ये तीन-चार यंत्रे एकाच वेळी चालू होती. सुपरवायझरने लांबूनच ओरडून सांगितले, "अडुसष्टचे दोनशे पीस काप रे!" आयटीआय करून नुकताच कामाला लागलेला लातूरकडचा एक मुलगा कटिंग मशीनवर होता. त्याने मान हलवली, स्टॉपर लावला आणि दुपारपर्यंत दोनशे तुकडे कापून ठेवले. संध्याकाळी व्हर्नियर लावल्यावर कळले, की प्रत्येक तुकडा सदुसष्ट मिलिमीटरचा आहे. लांब झालेला तुकडा घासून कमी करता येतो. आखूड झालेला वाढवता येत नाही. सगळा माल भंगारात गेला आणि मुलाला ऐकावे लागले, "आकडे कळत नाहीत तर शाळेत काय केलेस?"

मला मात्र वेगळेच वाटत होते. दोनशेच्या दोनशे तुकडे अचूक सदुसष्ट मिलिमीटरचे होते. ज्याला मोजणे येत नाही, त्याच्या हातून असे काम होईल काय? मुलगा मोजण्यात कच्चा नव्हता. चूक झाली ती तोंडातून कानात जाताना. 'सदुसष्ट' आणि 'अडुसष्ट' या दोन शब्दांत फरक आहे तो पहिल्या दोन अक्षरांचा, आणि यंत्राच्या घरघरीत नेमकी तीच अक्षरे हरवली. त्या दिवसापासून त्या शेडमध्ये मापे 'सिक्स-एट' अशी इंग्रजीत, एकेक अंक सुटा करून सांगायची असा नियम झाला.

आपल्या वर्गातही हेच घडत असते. तिथे माल भंगारात जात नाही. "मला गणित येत नाही" असे मुलाच्या मनात बसते. म्हणून या प्रश्नाकडे नीट पाहायला हवे. त्याला निमित्त आहे ते २०१९ साली बालभारतीने काढलेल्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकाचे. त्या पुस्तकावर तेव्हा खूप गदारोळ झाला. आता तो शांत झाला आहे. पुस्तकाचे गुणदोष शांतपणे तपासायला हीच वेळ बरी.

पुस्तकाने काय केले?

एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंतच्या संख्या वाचण्याची एक वेगळी रीत या पुस्तकाने मुलांपुढे ठेवली. २१ म्हणजे वीस एक, ४७ म्हणजे चाळीस सात, ६८ म्हणजे साठ आठ. एकवीस, सत्तेचाळीस, अडुसष्ट ही नावे काढून टाकलेली नव्हती; दोन्ही रीती दिलेल्या होत्या. गणित विषय समितीच्या अध्यक्षा होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर (१९४३–२०२३). त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: जोडाक्षरांनी भरलेली ही नावे लहान मुलांना जड जातात, बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने मुले गोंधळतात आणि त्यातून गणिताचीच नावड निर्माण होते. दक्षिणेतल्या भाषांत आणि इंग्रजीत दशक आधी बोलतात, मग आपल्या मुलांना ती सोय का नको?

यावर वर्तमानपत्रांतून टीका झाली, घराघरांत थट्टा झाली. जून २०१९ मध्ये विषय विधानसभेपर्यंत गेला आणि तिथेही आडनावांत येणाऱ्या 'वीस'वरून विनोद झाले. विनोदाला हरकत नाही. पण मूळ प्रश्न, म्हणजे मुले चुकतात कुठे आणि का, हा त्या हशात बाजूला पडला.

मुले कुठे चुकतात?

शिक्षकमित्रहो, आपल्या वर्गातल्या श्रुतलेखनाच्या वह्या काढून पाहा. संख्यालेखनातल्या चुका साधारण तीन प्रकारच्या आढळतील.

पहिला प्रकार उलटापालटीचा. आपण 'सत्तेचाळीस' म्हणतो. मुलाच्या कानावर आधी सात पडतो, म्हणून ते आधी ७ लिहिते आणि मग ४. झाले ७४! मुलाने ऐकले बरोबर आणि लिहिलेही ऐकल्याबरहुकूम, तरी उत्तर चुकले.

दुसरा प्रकार 'एकोण'चा. 'एकोणसाठ' या शब्दात साठ ऐकू येतो आणि नऊ तर ऐकूच येत नाही. ज्या मुलाला एवढे कळले आहे, की एकोण आला की शेवटी नऊ येतो, ते साठातला ६ घेते आणि ६९ लिहिते. 'एकोण' म्हणजे एकाने उणे. साठाला एक कमी. शब्दात वजाबाकी दडलेली आहे, पण ती मुलाला कुणी उलगडून दाखवलेली नसते. शिवाय हा नियम शेवटपर्यंत टिकत नाही. एकोणनव्वदपर्यंत तो चालतो आणि पुढे 'एकोणशंभर' न येता 'नव्व्याण्णव' येते.

तिसरा प्रकार सारख्या आवाजाचा. सदुसष्ट-अडुसष्ट, त्रेसष्ट-त्रेपन्न, पंच्याऐंशी-पंच्याण्णव. भोसरीतला घोटाळा याच जातीचा.

आता नावांची घडण पाहा. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. या आठही संख्यांच्या एककस्थानी दोन आहे, पण 'दोन' हा शब्द एकातही नाही. सहाची गत आणखी वाईट: सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. दशकाचेही रूप बदलते. पन्नासचे कुठे 'वन्न' तर कुठे 'पन्न' होते, साठचे 'सष्ट', सत्तरचे 'हत्तर', नव्वदचे 'ण्णव'. याचे कारण ऐतिहासिक आहे. संस्कृतातल्या द्वाविंशति, पञ्चपञ्चाशत् अशा नावांत दोन्ही भाग स्पष्ट होते. प्राकृतातून मराठीत येईपर्यंत हजारो तोंडांनी ते झिजले. नदीतल्या गोट्याप्रमाणे शब्द गुळगुळीत झाले, पण जोडाच्या रेषा पुसल्या गेल्या. परिणाम असा, की इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला सत्तावीस-अठ्ठावीस शब्द आणि एक नियम एवढ्यावर शंभरपर्यंत जाता येते. मराठी मुलाला जवळजवळ शंभर शब्द वेगवेगळे पाठ करावे लागतात.

चाकण-पिंपरी पट्ट्यात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. इथल्या कारखान्यांनी देशभरातून माणसे आणली. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सव्वासतरा लाखांवर गेली होती. या माणसांची मुले आपल्या वर्गात बसतात. घरी कन्नड बोलणारे मूल ४७ ला 'नलवत्तेळु' म्हणते. नलवत्तु म्हणजे चाळीस आणि एळु म्हणजे सात. तेलुगू घरातले मूल 'नलभै एडु' म्हणते, तेही चाळीस-सातच. ही मुले घरून सरळ क्रम घेऊन येतात आणि शाळेत त्यांची गाठ 'सत्तेचाळीस'शी पडते. हिंदी भाषक मुलाचा क्रम आपल्यासारखाच उलटा, पण त्याचा 'सैंतालीस' आपल्या 'सत्तेचाळीस'पासून पुरेसा वेगळा. ते मूल गप्प राहिले तर त्याला संख्या कळत नाही असे आपण धरून चालतो. पण नाव येत नसणे वेगळे आणि संख्या कळत नसणे वेगळे.

इतरांनी काय केले?

ही अडचण एकट्या मराठीची नाही. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या जर्मन भाषक मुलांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात ऐकलेली संख्या अंकांत लिहिताना झालेल्या चुकांपैकी सुमारे निम्म्या या उलट क्रमाशी निगडित असल्याचे दिसले. जर्मनीत तर 'वीस-एक' याच अर्थाचे नाव धारण करणारी एक संस्था २००४ साली निघाली. दोन्ही क्रम शाळेत शिकवावेत अशी तिची मागणी आहे.

नॉर्वेची गोष्ट आपल्याला अधिक जवळची वाटेल. तिथेही पूर्वी 'एक आणि वीस' असे म्हणत. दूरध्वनी वाढले, ऑपरेटरला तोंडी क्रमांक सांगताना चुका होऊ लागल्या, तेव्हा दूरध्वनी खात्याने पुढाकार घेतला आणि १९५१ पासून 'वीस-एक' हा क्रम तिथे अधिकृत झाला. शाळांतून, नभोवाणीवरून तोच वापरात आला. तरीही जुना क्रम मेला नाही. आजही अनेक नॉर्वेजियन माणसे बोलण्यात दोन्ही वापरतात.

चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' आणि एकवीसला 'दोन-दहा-एक' म्हणतात. केविन मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चिनी आणि अमेरिकन बालकांच्या मोजणीची तुलना केली. दहापर्यंत दोघांत फारसा फरक नव्हता. फरक पडू लागला तो अकरापासून पुढे, म्हणजे जिथे इंग्रजीतली नावे अनियमित होतात तिथे. नावाची घडण मुलाला मदत करते किंवा अडवते, याचा हा चांगला पुरावा आहे.

तेव्हा पुस्तकाचे निदान बरोबर होते. 'चाळीस सात' म्हटल्याने उलटापालट टळते, 'पन्नास नऊ' म्हटल्याने एकोणची अडचण सुटते आणि 'साठ आठ' हे 'साठ सात'पासून यंत्राच्या आवाजातही वेगळे ऐकू येते. एका उपायाने तीनही चुका कमी होतात, हे टीकाकारांनी मोकळेपणाने मान्य करायला हवे होते.

पुस्तकाचे काय चुकले?

निदान बरोबर असले, तरी औषधात दोष राहिले.

पहिला दोष भाषेचा. मराठीत 'वीसएक माणसे आली' याचा अर्थ सुमारे वीस माणसे आली असा होतो. 'पन्नासएक रुपये लागतील' म्हणजे बरोबर एक्कावन्न रुपये नव्हेत. जी रचना आपण शतकानुशतके अदमासासाठी वापरतो, तीच नेमक्या संख्येसाठी मुलांना दिली. 'वीस आणि एक' असे म्हटले असते तर हा घोळ झाला नसता आणि 'आणि'मुळे बेरीजही कानावर पडली असती.

दुसरा दोष अधिक खोल आहे. दशक आधी बोलणाऱ्या भाषांतल्या मुलांच्याही काही ठरावीक चुका असतात. इंग्रजीत 'ट्वेंटी-थ्री' ऐकून मूल २०३ लिहिते. आधी वीस ऐकले, ते लिहिले २०. मग तीन ऐकले, ते लिहिले ३. 'साठ आठ' ऐकणारे मराठी मूलही ६०८ लिहू शकते. म्हणजे ७४ ची चूक गेली आणि ६०८ ची आली! दोन्ही चुकांचे मूळ एकच: अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरते, हे अजून उमजलेले नाही. नाव बदलल्याने स्थानिक किंमत आपोआप कळत नाही. ती काड्यांच्या गठ्ठ्यांनी, मण्यांच्या माळेने, दहाच्या आणि एकच्या नोटांनीच कळते. नवी नावे त्या कामात मदतनीस ठरतात, एवढेच.

तिसरा मुद्दा पाढ्यांचा. 'सात नवे त्रेसष्ट' ही ओळ जिभेवर बसते ती तिच्या ठेक्यामुळे. 'सात नवे साठ तीन' म्हटले तर ठेका मोडतो आणि सात, नऊ, साठ, तीन असे चार आकडे सुटे सुटे ऐकू येतात. कुठला प्रश्न आणि कुठले उत्तर हे कळेनासे होते. झिजून गुळगुळीत झालेला शब्द समजायला कठीण, पण पाठ झाल्यावर वापरायला सोपा असतो. जुन्या नावांची ही बाजू विसरून चालणार नाही.

टीकाकारांचे काय चुकले?

मराठी बुडेल, अशी भीती घालण्यात आली. पण मराठी संख्यानामे कुठे बुडत आहेत ते पाहू या. आपण आपला मोबाइल क्रमांक दुसऱ्याला कोणत्या भाषेत सांगतो? 'नाइन-एट-डबल टू' असाच ना? ही सवय कोणत्याही पाठ्यपुस्तकाने लावलेली नाही. निगडी-आकुर्डीच्या मंडईत भाजीवाली "अठ्ठेचाळीस झाले" म्हणते आणि इंग्रजी शाळेतला मुलगा आईकडे वळून विचारतो, "म्हणजे किती?" चाकणचा किल्ला फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाहिस्तेखानाविरुद्ध सुमारे छप्पन्न दिवस लढवला, ही गोष्ट आजोबा रंगवून सांगत असतात आणि नातू मध्येच थांबवतो, "छप्पन्न म्हणजे?" आजोबा 'फिफ्टी-सिक्स' म्हणतात तेव्हा गोष्ट पुढे सरकते. चाकणच्या बाजारात कांद्याचा लिलाव मराठीत चालतो, आणि दोन-चार किलोमीटरवरच्या कारखान्यात मापे इंग्रजीत बोलली जातात. ही दरी 'चाळीस सात'ने पाडलेली नाही. उलट 'चाळीस सात' म्हणणारे मूल निदान मराठीत मोजत आहे.

दुसरे असे, की संख्यांची भाषा बदलणे आपल्याला नवे नाही. एकेकाळी पंतोजींच्या शाळेत मुले पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकत. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै असताना त्यांची गरज होती. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि काही वर्षांत ते पाढे शाळेतून गेले. त्याने मराठी बुडाली नाही. आणि गंमत पाहा: आणा कायद्याने गेला, तरी पंचवीस पैशांच्या नाण्याला लोक 'चार आणे'च म्हणत राहिले. ३० जून २०११ नंतर ते नाणे चलनातून बाद झाले, तोपर्यंत म्हणजे चौपन्न वर्षे हिशेब पैशांत आणि बोलणे आण्यांत, असे दोन्ही सुखाने नांदले. खेड्यांतल्या कित्येक आजीबाई पैसे मोजताना 'तीन विसा आणि आठ' म्हणत आल्या. हे अडुसष्टचेच तिसरे मराठी नाव! त्यांचा हिशेब सहसा चुकत नसे.

म्हणजे एका संख्येला दोन नावे असणे ही आपल्या समाजाला न पेलणारी गोष्ट नाही. नॉर्वेने तेच केले आणि आपणही आणे-पैशांच्या बाबतीत तेच केले. २०१९ चे पुस्तक मुळात तेवढेच सुचवत होते. त्याचा खरा दोष हा, की कोणते नाव कशासाठी, हे शिक्षकांपर्यंत आणि पालकांपर्यंत स्पष्टपणे पोचले नाही. पोचले असते, तर 'जुने की नवे' असा सामना रंगलाच नसता.

वर्गात काय करावे?

माझ्या मते या दोन नावांची कामे वाटून द्यावीत. संख्या समजून घेताना 'साठ आणि आठ' म्हणावे: काड्यांचे सहा गठ्ठे आणि आठ सुट्या काड्या समोर ठेवून. पाढे म्हणताना, व्यवहारात, गोष्टीत 'अडुसष्ट' म्हणावे. एकातून दुसऱ्यात जाण्याचा सराव खेळातून द्यावा. एकाने 'सत्तर दोन' म्हणायचे, दुसऱ्याने 'बाहत्तर' म्हणायचे, तिसऱ्याने ७२ लिहायचे. कन्नड, तेलुगू, हिंदी बोलणाऱ्या मुलांना त्यांच्या घरची नावे फळ्यावर देवनागरीत लिहायला सांगावी. जे मूल एरवी गप्प बसते, ते त्या दिवशी वर्गाला शिकवील.

'एकोण'साठी शंभर मण्यांची माळ उत्तम. साठाव्या मण्यावर बोट ठेवा, एक मणी मागे या, म्हणजे एकोणसाठ. हे चार वेळा केले की जो शब्द अडचण होता, तोच वजाबाकीचा पाठ होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, चूक तपासताना ती कोणत्या प्रकारची आहे ते आधी पाहावे. ४७ ऐवजी ७४ लिहिणाऱ्याला क्रमाची मदत हवी, ५९ ऐवजी ६९ लिहिणाऱ्याला 'एकोण'चा अर्थ हवा, ६८ ऐवजी ६७ लिहिणाऱ्याला कदाचित फक्त पुढच्या बाकावर जागा हवी आणि ६०८ लिहिणाऱ्याला काड्यांचे गठ्ठे. चौघांच्याही वहीत आपण एकच लाल फुली मारतो आणि 'गणितात कच्चा' असा एकच शेरा देतो. डॉक्टरने ताप, खोकला आणि मोडलेला हात या तिघांनाही एकच गोळी द्यावी तसे ते आहे.

भोसरीतल्या त्या मुलाने नंतर काय केले असेल मला ठाऊक नाही. पण त्याला कुणीतरी सांगायला हवे होते, की बाबा रे, तुझे तुकडे अचूक होते. कानावर पडलेला शब्द तेवढा चुकला. येत्या आठवड्यात आपल्या वर्गात वीस संख्यांचे श्रुतलेखन घ्या, गुण देऊ नका आणि चुका वर सांगितलेल्या चार गटांत मांडून पाहा. 'गणितात कच्ची' ठरलेली आपली किती मुले मोजण्यात मुळीच कच्ची नाहीत, हे त्या एका कागदावरून कळेल.